अणुवीज हवी, जैतापूरचा करार नको

1 फेब्रुवारी 2025 रोजी अर्थसंकल्प मांडताना निर्मला सीतारामन यांनी 2047 पर्यंत देशात एक लाख मेगावॅट अणुवीज उभारण्याचे लक्ष्य जाहीर केले. छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी 20,000 कोटी रुपये ठेवले आणि त्यांतल्या निदान पाच देशी भट्ट्या 2033 पर्यंत चालू होतील असेही सांगितले. त्या दिवशी देशातल्या सगळ्या अणुवीज केंद्रांची मिळून क्षमता होती 8,180 मेगावॅट. तारापूरची पहिली दोन संयंत्रे 1969 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, म्हणजे एवढे गाठायला आपल्याला पंचावन्न वर्षे लागली. वर्षाला सरासरी दीडशे मेगावॅट. आता बावीस वर्षांत आणखी ब्याण्णव हजार मेगावॅट उभे करायचे, तर दरवर्षी चार हजारांहून जास्त क्षमता वाढवावी लागेल. आजवरच्या वेगाच्या जवळजवळ अठ्ठावीस पट.

असे आकडे आपण याआधीही ऐकले आहेत. 1984 मध्ये अणुऊर्जा विभागाने 2000 सालापर्यंत 10,000 मेगावॅटचा आराखडा केला. 2000 साल उजाडले तेव्हा हाती तीन हजारसुद्धा नव्हते. पुढे 2020 पर्यंत 20,000 असे ठरले; 2020 मध्ये होते 6,780. प्रत्येक वेळी लक्ष्य हुकले, आणि प्रत्येक वेळी ते का हुकले याची जाहीर झाडाझडती होण्याआधी पुढचे, आणखी मोठे लक्ष्य आले. माझा आक्षेप सुरू होतो तो इथे. तो अणूवर नाही. देशाला अणुवीज हवी, आहे त्याहून बरीच जास्त हवी, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच ती कुठल्या भट्टीतून, कुठल्या दराने, कुणाच्या जबाबदारीवर आणि कुणाच्या जमिनीवर उभी राहणार याचा हिशेब आकड्याच्या आधी मांडला जावा, असे मला वाटते.

अणुवीज का हवी, हे आधी सांगितले पाहिजे, कारण महाराष्ट्रात अणुऊर्जेबद्दल बोलायला गेले की माणूस लगेच एका बाजूला ढकलला जातो. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी साधारण तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते. त्या कोळशाची किंमत कोण मोजतो ते चंद्रपूरच्या आणि कोराडी-खापरखेड्याच्या लोकांना विचारावे. 2022 च्या जुलैत कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत आणि वस्त्यांत शिरला. ही बातमी दोन-चार दिवस चालली. अणुकेंद्रात याच्या शंभराव्या हिश्शाएवढे काही घडले असते तर जगभर गाजले असते. कोळशाने होणारे मृत्यू रोजचे असतात, विखुरलेले असतात, श्वासाच्या रोगांच्या नावाने नोंदले जातात, म्हणून ते दिसत नाहीत. जर्मनीने 15 एप्रिल 2023 रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा त्या देशात कोळशाची केंद्रे चालूच होती. आधी कोळसा, मग अणू, असा क्रम असायला हवा होता. त्यांनी तो उलटा लावला, आणि ती चूक होती असे मी मानतो.

सौरऊर्जेचे काय, हा रास्त प्रश्न आहे. सौरवीज आज सगळ्यांत स्वस्त आहे आणि महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचा जो मार्ग धरला तो उत्तम आहे. रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या माणसासाठी तो फार मोठा दिलासा आहे. बॅटऱ्याही झपाट्याने स्वस्त होत आहेत. पण बॅटरी दुपारची वीज संध्याकाळपर्यंत नेते. आषाढातली आठ-दहा दिवसांची झड ती ओलांडू शकत नाही. पोलाद, सिमेंट, रेल्वे, रुग्णालये यांना चोवीस तास, बाराही महिने वीज लागते. तिथे जलविजेच्या जोडीने अणूच उपयोगी पडतो. कैगाच्या पहिल्या संयंत्राने 2018 मध्ये सलग 962 दिवस न थांबता वीज देऊन जागतिक विक्रम केला. ती भट्टी आपल्या अभियंत्यांनी बांधलेली होती आणि आपणच चालवत होतो.

या यशामागची कहाणी महत्त्वाची आहे. तारापूरची पहिली दोन संयंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिली. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाची मदत होती. 1974 मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि कॅनडा निघून गेला, अमेरिकेने तारापूरच्या इंधनाला खीळ घातली. त्यानंतर कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार, कैगा असे एकेक केंद्र आपण स्वतःच्या बळावर उभे केले. नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणारी 220 मेगावॅटची भट्टी, मग तारापूरला तिची 540 ची आवृत्ती, आणि शेवटी काक्रापारला 700 ची. या भट्टीला समृद्ध युरेनियम लागत नाही. तिचे बहुतेक भाग भारतात बनतात. 2017 च्या मे महिन्यात केंद्राने अशा दहा भट्ट्या एकाच नकाशावर, एकामागून एक बांधायला मंजुरी दिली. सात हजार मेगावॅट, अंदाजे खर्च 1,05,000 कोटी. मेगावॅटमागे पंधरा कोटी.

हा पंधरा कोटींचा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, कारण आता जैतापूरकडे वळायचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीच्या उत्तरेला माडबनचा सडा आहे. जैतापूर प्रकल्प म्हणतात तो खरे तर या सड्यावर व्हायचा आहे. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरिलवाडा या गावांची मिळून 938 हेक्टर जमीन घेतली गेली. सरकारी कागदांनी तिचे वर्णन मुख्यतः पडीक, नापीक असे केले. कोकणात राहिलेल्या कुणालाही सडा नापीक वाटणार नाही. पावसाळ्यात तिथे गुरांचा चारा उगवतो, खोलगट भागांत भात होतो, जांभ्यात खड्डे घेऊन माती भरून हापूसची कलमे लावली जातात. याच तालुक्यातल्या देवाचे गोठणे आणि बारसूच्या सड्यांवरची कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्याच्या खाली समुद्र, आणि समुद्राकाठी साखरीनाटे हे मच्छीमारांचे मोठे बंदर. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालानुसार सहा भट्ट्या थंड करायला रोज सुमारे 5,200 कोटी लिटर समुद्राचे पाणी घेऊन ते पाच अंशांनी गरम करून परत सोडायचे होते. साखरीनाट्याच्या मच्छीमारांनी विचारलेले प्रश्न साधे होते. गरम पाण्याने मासळी कुठे जाईल? सुरक्षेच्या नावाखाली समुद्राचा किती पट्टा बंद होईल? आमच्या होड्यांनी खाडीच्या तोंडातून ये-जा कशी करायची?

या प्रश्नांना मिळालेले उत्तर मुख्यतः कागदी होते. 2010 च्या 28 नोव्हेंबरला पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी 35 अटींसह मंजुरी दिली. आठच दिवसांनी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या दिल्लीभेटीत अरेवा कंपनीशी करार झाला. तारखांचा हा क्रम पाहून राजापुरातल्या लोकांनी काढलेला निष्कर्ष मला आजही खोडता येत नाही: निर्णय आधी झाला होता, तपासणी त्याच्या तारखेला जुळवली गेली. पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमा घडले. त्यानंतर महिन्याभराने, 18 एप्रिल 2011 रोजी, नाटे गावात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार मारला गेला. तो ज्या प्रकल्पासाठी मारला गेला त्याची एकही भट्टी आजतागायत उभी नाही.

मुळात जैतापूर का? तिथे फ्रान्सचीच भट्टी का? याचे सगळ्यांत प्रामाणिक उत्तर प्रकल्पाच्या समर्थकानेच दिलेले आहे. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी 2011 च्या जानेवारीत 'सकाळ'मध्ये लिहिलेल्या लेखात मोकळेपणाने सांगितले की भारतावरची अणुबंदी उठवायला अमेरिका, रशिया आणि फ्रान्स यांनी मध्यस्थी केली, आणि म्हणून त्यांच्या व्यापारी हितसंबंधांचा विचार करून त्यांच्याशी अणुप्रकल्पांचे करार करावे लागले. 2008 च्या सप्टेंबरात अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली, त्याची ही परतफेड होती. काकोडकरांनी हे लपवले नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्या सुटीमुळे आपल्याला बाहेरचे युरेनियम मिळू लागले, इंधनाअभावी रखडलेल्या देशी भट्ट्या पूर्ण ताकदीने चालू लागल्या. देशाच्या दृष्टीने ते मोठे यश होते. पण त्या यशाची किंमत म्हणून कोकणच्या एका सड्यावर जगातली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत कमी अनुभवाची भट्टी सहा वेळा बांधायची, हे वीजनिर्मितीच्या हिशेबातून ठरलेले नव्हते. राजनैतिक देणे फेडायला देशाकडे इतर मार्ग असतात. विमाने घेता येतात, बंदरे बांधता येतात. साठ वर्षे चालणारे आणि साठ वर्षे ग्राहकाच्या बिलातून फेडायचे वीजकेंद्र त्यासाठी निवडू नये.

'सगळ्यांत कमी अनुभवाची' हे मी जपून लिहितो आहे. ज्या भट्टीचा सौदा 2010 मध्ये झाला ती ईपीआर जातीची, 1,650 मेगावॅटची. तेव्हा जगात एकही ईपीआर चालू नव्हती. फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला 2005 मध्ये काम सुरू झाले होते, 2009 मध्ये वीज मिळायची होती. नियमित वीज मिळाली 2023 मध्ये. खुद्द फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या फ्लामानव्हिलला 2007 च्या डिसेंबरात पाया घातला गेला. अंदाज होता 3.3 अब्ज युरो आणि 2012 साल. ती वीजजाळ्याला जोडली गेली 21 डिसेंबर 2024 रोजी, आणि कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाने बांधकामाचा खर्च गेला 13.2 अब्ज युरोवर. इंग्लंडमध्ये हिंकली पॉइंटच्या दोन भट्ट्या 2016 मध्ये 18 अब्ज पौंडांच्या होत्या. 2024 च्या आरंभी कंपनीने तो आकडा 31 ते 35 अब्जांवर नेला, तोही 2015 च्या किमतींत. फक्त चीनमध्ये तायशानला दोन ईपीआर त्यातल्या त्यात लवकर, 2018 आणि 2019 मध्ये सुरू झाल्या, आणि त्यातली पहिली 2021 मध्ये इंधनकांड्या खराब झाल्याने बंद ठेवावी लागली. दरम्यान अरेवा इतकी तोट्यात गेली की तिचा भट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या सरकारी वीज कंपनीकडे द्यावा लागला.

आता तो पंधरा कोटींचा आकडा काढू. फ्लामानव्हिलचा खर्च मेगावॅटमागे आठ दशलक्ष युरोच्या पुढे जातो. युरोला 90 रुपये धरले तर साधारण 73 कोटी रुपये. भारतात मजुरी स्वस्त आहे, सहा भट्ट्या एकाच जागी बांधल्याने बचत होईल, पहिल्या प्रकल्पांतल्या चुका पुन्हा होणार नाहीत, हे सगळे मान्य करून खर्च निम्मा धरला, तरी देशी भट्टीच्या दुपटीहून अधिक पडतो. ईडीएफने 2021 च्या एप्रिलमध्ये अणुऊर्जा महामंडळाला सहा भट्ट्यांचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. त्यातली किंमत जनतेपुढे ठेवली गेलेली नाही. 9,900 मेगावॅटची वीज घ्यायची कुणी, तर त्यातला मोठा वाटा अर्थातच महाराष्ट्राने. आणि ती घेताना युनिटमागे किती रुपये द्यायचे हे महाराष्ट्राच्या विधिमंडळालाही माहीत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याने असा प्रकार एकदा भोगला आहे. गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प, म्हणजे एन्रॉन, राजापूरहून फार लांब नाही. 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार केला आणि तो गुप्त ठेवला. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या गटांनी आकडेमोड करून करारातला धोका दाखवला, कामगार संघटनांनी आणि अर्थतज्ज्ञांनी ओरड केली. 1995 मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी करून तो मोठा करून घेतला. 1999 मध्ये वीज सुरू झाली. दर युनिटला सात रुपयांच्या पुढे गेले. 2001 च्या मे महिन्यात मंडळाने खरेदी थांबवली. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात निर्णयप्रक्रियेतल्या त्रुटींवर बोट ठेवले. डिसेंबरमध्ये अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोर झाली. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या प्रकल्पाचे कर्ज, त्याचा वायू, त्याची मालकी या सगळ्याचे गुंते सरकारी बँका आणि कंपन्या सोडवत बसल्या. एन्रॉनचे यंत्र जगात सगळीकडे चालते तसेच चालत होते. बुडवले ते कराराने. वीज घ्या किंवा न घ्या, पैसे द्या, हे कलम लोकांना न दाखवता मान्य केले गेले, त्याने बुडवले.

एन्रॉनच्या करारानंतर आपण वीज नियामक आयोग आणले. आज महावितरणला एक रुपया वाढवायचा असेल तर आयोगापुढे जावे लागते. ग्राहक, शेतकरी संघटना, यंत्रमागधारक तिथे उभे राहून हरकती घेतात, कागद मागतात. अणुविजेचा दर मात्र आजवर या व्यवस्थेच्या बाहेर, केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडूनच ठरत आला. जो विभाग केंद्र बांधतो तोच दर ठरवतो. एक लाख मेगावॅटच्या योजनेत खासगी कंपन्याही येणार असताना ही रीत चालू ठेवणे म्हणजे दाभोळचा करार पुन्हा कपाटात बंद करणे होय.

खासगी कंपन्यांचा विषय निघालाच आहे. 2025 च्या डिसेंबरात संसदेने 'शांती' या नावाचा नवा अणुकायदा संमत केला. 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा अणुहानी नागरी दायित्व कायदा, दोन्ही त्याने बाजूला सारले. खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्र बांधण्याची आणि चालवण्याची वाट मोकळी झाली. त्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. सरकारी कंपनीने बांधले म्हणून केंद्र आपोआप सुरक्षित होत नाही. आक्षेप आहे तो दायित्वाच्या तरतुदींना. 2010 च्या कायद्यात सतरावे कलम होते: पुरवठादाराने दिलेल्या यंत्रात उघड किंवा छुपा दोष निघाला, माल हलक्या दर्जाचा निघाला आणि त्यातून अपघात झाला, तर केंद्र चालवणाऱ्या कंपनीला पुरवठादाराकडून भरपाई वसूल करता येत असे. हे कलम संसदेत आले त्याच्या काही आठवडे आधी भोपाळच्या खटल्याचा निकाल लागला होता. 1984 च्या त्या रात्रीनंतर 47 कोटी डॉलरवर प्रकरण मिटवले गेले आणि भोपाळची माणसे आजही त्या जमिनीतल्या आणि पाण्यातल्या विषाशी झगडत आहेत, ही वेदना त्या कलमाच्या मागे होती. नव्या कायद्याने ते कलम काढून टाकले. आता करारात लिहिले असेल किंवा कुणी मुद्दाम हानी केली असेल तरच वसुली. आणि चालकाचे दायित्व? सगळ्यांत मोठ्या भट्टीसाठीही कमाल 3,000 कोटी रुपये. फुकुशिमाच्या खर्चाचा जपान सरकारचा 2016 चा अंदाज 21.5 लाख कोटी येनचा होता, म्हणजे रुपयांत बारा लाख कोटींच्या आसपास.

समर्थक म्हणतात, त्या कलमामुळेच विदेशी कंपन्या येत नव्हत्या. हे अर्धसत्य आहे. कुडनकुलमच्या तिसऱ्या भट्टीचे काम रशियाच्या सहकार्याने 2017 मध्ये, तेच कलम अस्तित्वात असताना सुरू झाले. त्यासाठी 1,500 कोटींचा विमा निधी उभा केला गेला. फ्रान्स आणि अमेरिकेच्या कंपन्या आल्या नाहीत त्याचे पहिले कारण त्यांची स्वतःची आर्थिक अवस्था हे होते. आंध्रात कोव्वाड्याला सहा भट्ट्या देऊ करणारी वेस्टिंगहाउस 2017 च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्याच नकाशावर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात बांधलेल्या दोन भट्ट्यांचा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीवर, तीस अब्ज डॉलरच्या पुढे गेला. आपल्या भट्टीवर इतका विश्वास असणारी कंपनी तिच्यातल्या दोषाची जबाबदारी घ्यायला का घाबरते, हा प्रश्न एखाद्या ट्रॅक्टर विक्रेत्याला शेतकरी विचारतोच. संसदेने तो विचारणे सोडून द्यावे याचे मला दुःख होते.

आता सुरक्षेबद्दल. किरणोत्साराच्या भीतीचा जो बाजार मांडला जातो त्यात मी नाही. तारापूर, कैगा, काक्रापार इथे दशकानुदशके हजारो माणसे काम करत आली आहेत आणि 2004 च्या त्सुनामीत कल्पाक्कमची भट्टी सुरक्षितपणे बंद झाली. पण आपल्याकडे सगळे निर्वेध झाले असेही नाही. 1993 मध्ये नरोराला टर्बाइनच्या भागात आग लागली आणि केंद्र कित्येक तास अंधारात होते. 1994 मध्ये कैगाच्या बांधकामात घुमटाचा आतला थर कोसळला. जैतापूरबद्दल विनोद गौर आणि रॉजर बिल्हॅम या भूकंपशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिले की शक्यता कमी असली तरी मोठा भूकंप थेट त्या जागेखाली होऊ शकतो, आणि त्याचा अभ्यास पुरेसा झालेला नाही. कोयनेचा 1967 चा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना हे काल्पनिक वाटणार नाही. अशा आक्षेपावर सरकारने दुसरा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष रत्नागिरीत येऊन, मराठीत, भरसभेत सांगायला हवे होते.

फुकुशिमाच्या चौकशीसाठी जपानच्या संसदेने नेमलेल्या समितीने 2012 मध्ये स्पष्ट म्हटले की हे संकट मानवनिर्मित होते. सरकार, नियामक आणि वीज कंपनी यांचे साटेलोटे त्याच्या मुळाशी होते. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झाले, पण ते ज्या आयोगाला उत्तर देत आले त्याचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव. 2012 मध्ये कॅगने या परावलंबनावर कडक ताशेरे ओढले. स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक 2011 मध्ये आले आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर मेले. आता नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे, ही त्यातली चांगली गोष्ट. पण दर्जा मिळून भागत नाही. मंडळाचा अध्यक्ष कोण नेमतो, त्याला पदावरून कोण काढू शकतो, त्याचे तपासणी अहवाल थेट संसदेपुढे येतात की विभागाच्या फायलीतून गाळून येतात, यावर सगळे अवलंबून आहे. खासगी कंपन्या भट्ट्या चालवायला लागल्यावर तर अधिकच.

मग करावे काय? देशी 700 मेगावॅटची भट्टी मोठ्या संख्येने, एकाच नकाशावर, ठरलेल्या कारखान्यांतून आणि ठरलेल्या पथकांकडून बांधत राहावी. फ्रान्सने 1974 नंतर नेमके हेच केले आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आपली बहुतेक वीज अणूवर आणली. कोरियाने अमिरातीत बराकाला चार सारख्या भट्ट्या बांधल्या, 2012 ते 2024 या काळात. एकाच भट्टीची पुनरावृत्ती हाच या धंद्यातला खरा काटकसरीचा मार्ग आहे. आपण एका किनाऱ्यावर फ्रेंच, दुसऱ्यावर रशियन, तिसऱ्यावर अमेरिकन भट्टी बांधायला निघालो, तर प्रत्येक जागी पहिल्यापासून शिकावे लागेल. देशी भट्टीचा इतिहास निर्दोष नाही. काक्रापारच्या तिसऱ्या संयंत्राचा पाया 2010 मध्ये घातला गेला आणि व्यापारी वीज मिळाली 2023 मध्ये. कल्पाक्कमच्या जलद प्रजनक भट्टीचे काम 2004 मध्ये सुरू झाले, वीज 2010 मध्ये यायची होती, आणि गाभा भरायला सुरुवात व्हायला 2024 उजाडले. तरीही उशीर झाला तो आपल्या कारखान्यांत, आपल्या अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर झाला, आणि त्यातून आलेले शहाणपण इथेच राहिले. चौथे काक्रापार आणि सातवे रावतभाटा त्याच शहाणपणावर उभे राहिले. राजस्थानात माही बांसवाड्याला आणि हरियाणात गोरखपूरला हीच भट्टी येते आहे. छोट्या अणुभट्ट्यांवर संशोधन करायला हरकत नाही; पण अमेरिकेत अशा भट्टीचा सगळ्यांत पुढे गेलेला प्रकल्प 2023 मध्ये खर्चामुळे गुंडाळला गेला, हे ध्यानात ठेवून त्यांच्या भरवशावर एक लाखाचा आकडा रंगवू नये.

या मार्गाने 2047 मध्ये एक लाख होतील का? मला वाटत नाही. तीस-चाळीस हजार झाले तरी ते आजच्या चौपट-पाचपट असेल आणि त्यातला एकेक मेगावॅट आपल्या हिशेबातला असेल. एक लाख मेगावॅट गाठायला उरलेल्या ब्याण्णव हजारांना 2017 च्या पंधरा कोटींच्या दरानेही जवळजवळ चौदा लाख कोटी रुपये लागतात. विदेशी भट्ट्यांचा वाटा वाढला की ही रक्कम कुठे जाईल ते फ्लामानव्हिलने दाखवून दिले आहे. आणि हा पैसा शेवटी बिलातून येतो. इचलकरंजीच्या मागवाल्याच्या आणि मालेगावच्या यंत्रमाग कामगाराच्या बिलातून.

जमीन देणाऱ्यांचाही हिशेब व्हायला हवा. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संयंत्रासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. ती संयंत्रे 2005-06 पासून उत्तम चालत आहेत, महाराष्ट्राला वीज देत आहेत. आणि त्या गावांच्या पुनर्वसनाचे भांडण मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. अणुविजेच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी या गोष्टीची सगळ्यांत जास्त लाज बाळगली पाहिजे, कारण पुढच्या प्रत्येक गावात विरोध उभा राहतो तो अक्करपट्टीची हकिगत ऐकून. देशाला हजारो मेगावॅट हवेत तर आधी पोफरणच्या शेवटच्या कुटुंबाचे देणे चुकते करावे. जनजागृतीच्या शंभर पुस्तिकांपेक्षा त्याने जास्त काम होईल.

जैतापूरबाबत महाराष्ट्र सरकारला आजच करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. केंद्राने ईडीएफच्या प्रस्तावातली किंमत आणि अपेक्षित वीजदर जाहीर करावा असा ठराव विधिमंडळाने करावा. तो दर राज्य वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणीत तपासला गेल्याशिवाय महावितरणने वीजखरेदीच्या कोणत्याही करारावर सही करू नये. दायित्वाच्या कायद्यात पुरवठादाराची जबाबदारी परत आणावी, यासाठी राज्यातल्या खासदारांनी पक्ष न पाहता संसदेत दुरुस्ती मागावी. याच राज्यातल्या पक्षांनी जैतापूरच्या मुद्द्यावर विरोधात असताना एक आणि सत्तेत गेल्यावर दुसरे बोलून राजापूरकरांचा पुष्कळ अंत पाहिला आहे. किंमत परवडणारी नसेल, आणि उपलब्ध आकड्यांवरून ती परवडणार नाही असेच दिसते, तर ईपीआरचा प्रस्ताव औपचारिकपणे नाकारावा. त्या सड्यावर देशी भट्ट्या बांधायच्या असतील तर जुन्या मंजुरीचा आधार न घेता पर्यावरणाचा, भूकंपाचा आणि मासेमारीचा अभ्यास नव्याने करावा, तो मराठीत गावोगाव द्यावा, आणि पाचही गावांच्या ग्रामसभांपुढे व साखरीनाट्याच्या मच्छीमारांपुढे मांडावा. तेही करायचे नसेल तर 938 हेक्टर जमीन मूळ मालकांना परत द्यावी. छत्तीसगडने 2019 मध्ये लोहंडीगुड्याला पोलाद कारखान्यासाठी घेतलेली आणि न वापरलेली जमीन आदिवासींना परत केली. महाराष्ट्राला तसे करण्यात कायद्याची किंवा प्रतिष्ठेची कुठलीही अडचण नसावी.